रेव्हरंड टिळक : येशूचे मराठी शिष्य

नारायण वामन टिळकांना आपण ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतो. पण ते स्वतःला आधी येशूचे शिष्य मानत.

जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. आपल्या भंडारा रोडवरून जाते तीच ही लाईन! त्या पुस्तकात त्यांना आपला गुरू सापडला.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूचे बारा शिष्य साधी माणसं होती. कुणी कोळी, कुणी जकातदार. शेवटच्या रात्री गुरूनेच शिष्यांचे पाय धुतले, त्यांना दास नव्हे तर मित्र मानलं. पेत्राने तीनदा ओळख नाकारली, तरी येशूने पुढे त्याच्यावरच जबाबदारी सोपवली.

१८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे येशूचे शिष्य म्हणून जागा होती. १९१९ मध्ये ते गेले.

वर्गात त्यांची कविता शिकवताना हेही मुलांना जरूर सांगा. चुकलेल्या शिष्याला पुन्हा जवळ घेणारा गुरू आपल्यालाही व्हायचं आहे, नाही का?