नामदार गोपाळ कृष्ण गोखले : श्रद्धा आणि राजकारण

निवडणुकांचे दिवस जवळ आले म्हणजे देवळांच्या पायऱ्यांवर पुढाऱ्यांची वर्दळ वाढते. कोणी पालखीस खांदा देतो, कोणी महापूजेस बसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकतात. आपल्या ज्ञातीच्या मेळाव्यांसही हे दृश्य अपरिचित नाही. यावरून आपल्या मंडळींत दोन तट पडलेले आम्ही पाहतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्याच्या अंतःकरणात श्रद्धा आहे त्याने ती चारचौघांत का लपवावी? दुसऱ्याचे म्हणणे असे की, देवाचे स्थान देव्हाऱ्यात. सभामंडपात त्याचे काम नाही. हा वाद नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यनगरीत तो याहूनही तीव्रतेने चालला होता. त्या काळात ज्यांनी आपल्या आचरणाने या प्रश्नाचे एक निराळेच उत्तर दिले, त्या नामदार गोखले यांचे चरित्र या दृष्टीने फारसे कोणी वाचत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही तेच निवडले आहे.

गोपाळरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात ९ मे १८६६ रोजी झाला. वडील कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळरावांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतून दरमहा आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणास पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत त्यांनी संसार कसा चालविला असेल, याची कल्पना ज्या घरांतून असे थोरले भाऊ होऊन गेले त्या घरांनाच येईल. गोपाळरावांच्या शाळकरी प्रामाणिकपणाची गोष्ट सर्वांस मुखोद्गत आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही.

१८८४ साली बी. ए. होऊन ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याच्या बंधनात त्यांनी स्वतःस घालून घेतले. फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय अडेल तो त्यांनी शिकविला. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक तर शाळांतून दीर्घकाळ चालले. आम्ही स्वतः शिक्षकी पेशातले असल्याने या भागावर अधिक लिहिण्याचा मोह होतो, परंतु विषय दुसरा आहे.

पुण्यात त्यांच्यावर दोन थोर पुरुषांचा प्रभाव पडला आणि हे दोघे श्रद्धेच्या बाबतीत दोन टोकांचे होते. गोपाळ गणेश आगरकर हे बुद्धिवादी. ईश्वराचे अस्तित्व सिद्ध झालेले नाही असे मानणारे. १८८८ साली त्यांनी सुधारक पत्र काढले, त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोखल्यांनी उचलली. दुसरे न्यायमूर्ती रानडे. ते प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ; त्यांच्या विचाराचे मूळ ईश्वरनिष्ठेत होते. पण हेच रानडे सार्वजनिक सभेच्या कामात गोखल्यांकडून सरकारी अहवालांतील आकडे पुन्हा पुन्हा तपासून घेत आणि अर्ज नव्याने लिहावयास लावीत. प्रार्थनामंदिरात उपदेश करणारा हा पुरुष सरकारास अर्ज करताना ईश्वराची साक्ष काढीत नसे, हे तरुण गोखल्यांनी जवळून पाहिले.

याच सुमारास, १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला आणि त्यानंतर लोकमान्य टिळकांनी घरोघरच्या गणपतीस सार्वजनिक उत्सवाचे रूप दिले. पुढे शिवजयंतीचा उत्सवही आला. या उपक्रमाचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या शेतकऱ्यास, तेल्यातांबोळ्यास कौन्सिलातील भाषणांचा एक शब्दही कळत नव्हता, तो मेळ्यातील पदांनी जागा झाला. गोखले व त्यांचे मवाळ स्नेही या लोकांपर्यंत कधीच पोचले नाहीत. हा त्यांचा मोठा उणेपणा होय आणि त्यांच्या चाहत्यांनी तो मान्य करावयास हवा. परंतु त्या मेळ्यांतील काही पदांत शेजाऱ्याविषयी कटुता होती, हेही नाकारता येत नाही. देवाच्या मिरवणुकीत जो सामील नाही तो परका, ही भावना एकदा रुजली म्हणजे ती परत घेणे मिरवणूक काढणाऱ्याच्याही हाती उरत नाही.

गोखल्यांच्या आयुष्यातील कसोटीचा काळ १८९७ हा होय. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. तिथे त्यांनी दिलेली साक्ष उत्तम झाली. आयव्ययाच्या आकड्यांत कोणी त्यांना अडवू शकले नाही. इकडे पुण्यात प्लेगचा कहर चालला होता आणि घरझडतीसाठी गोरे शिपाई नेमले होते. स्त्रियांवर अत्याचार झाल्याची पत्रे पुण्याहून त्यांच्या हाती पडली. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी ती हकीकत तेथील वृत्तपत्रांत प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती आणि सारे वातावरण पालटले होते. गोखले परत आले तेव्हा पत्रलेखकांपैकी कोणी पुढे येऊन पुरावा देण्यास तयार नव्हते. त्यांची नावे सांगणे गोखल्यांस शक्य नव्हते. अखेर त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. ज्या गृहस्थाची विलायतेत वाहवा झाली होती, तोच मायदेशी भ्याड ठरला. स्वकीयांनी त्या वेळी त्यांस जे बोल लावले ते येथे लिहवत नाहीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन झाले. परतीच्या प्रवासात रानडे व गोखले एकाच डब्यात होते. पहाटे गोखल्यांस जाग आली तो रानडे उठून बसलेले; हातांनी हळूहळू टाळी वाजवीत तुकोबांचे अभंग म्हणत होते. आवाज गोड म्हणावा असा नव्हता, परंतु भक्तिभाव असा की ऐकणाऱ्याच्या अंगावर रोमांच उभे राहावेत. ही आठवण गोखल्यांनी पुढे अनेक वर्षांनी, रानडे गेल्यानंतर सांगितली आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीचा तो देव आगगाडीच्या अंधारात प्रकट झाला होता. पाहणारा एकच, तोही योगायोगाने जागा झालेला.

या प्रवासास पुरते दोन महिनेही झाले नव्हते तोच, फेब्रुवारी १८९८ मध्ये, गोखल्यांनी एक टिपण लिहून ठेवले. ते त्यांच्या पश्चात कागदपत्रांत सापडले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या भाषणसंग्रहाइतकेच या लहानशा कागदाचे महत्त्व आहे. आरंभी श्रीगुरुदत्तात्रेयाच्या कृपेचा उल्लेख आहे आणि मग नम्रपणे परंतु निश्चयाने करावयाच्या गोष्टींची यादी आहे. योगाभ्यास नित्य करावा. इतिहास, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र व फ्रेंच भाषा यांचे चांगले ज्ञान मिळवावे. मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे, वरिष्ठ कौन्सिलाचे आणि ब्रिटिश पार्लमेंटाचे सभासद व्हावे व तेथे देशाचे हित साधावे. शेवटी, अत्युच्च तत्त्वज्ञानात्मक धर्माचा प्रचारक होऊन तो जगास सांगावा.

ज्याला सुधारक म्हणून सनातनी मंडळी धर्मबुडवा समजत होती, त्याच्या अंतर्यामी गुरुदत्तात्रेय होते! बालपण ज्या कोल्हापूर-कागलच्या मुलखात गेले तेथे नृसिंहवाडीची दत्तभक्ती घरोघर आहे. तिचा संस्कार त्यांच्यावर झाला असल्यास नवल नाही. पण विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. लोकांचा रोष शिगेस पोचला असता हाच कागद जाहीर केला असता तर? दत्तभक्त म्हणून त्यांस थोडी सहानुभूती खचित मिळाली असती. त्यांनी तो कोणास दाखविला नाही. प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून ते राबले आणि गेलेली पत कामाने मिळविली. १८९९ साली ते मुंबई कौन्सिलावर निवडून आले. पुढे वरिष्ठ कौन्सिलातही गेले.

तेथे १९०२ च्या अर्थसंकल्पावर त्यांनी केलेले पहिलेच भाषण गाजले. सरकारची शिल्लक ही रयतेच्या समृद्धीची खूण नसून जादा कराची खूण आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. मिठावरील कर तेव्हा मणास अडीच रुपये होता. १९०३ साली तो दोन रुपयांवर आला, आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे, तरी मोठा वाटा त्यांचा होता. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. विद्यादान हे पुण्यकर्म आहे असा दाखला शास्त्रांतून काढणे त्यांस कठीण नव्हते. त्यांनी तो मार्ग धरिला नाही. कोणत्या देशात किती मुले शाळेत जातात आणि त्यास खर्च किती येतो, हे त्यांनी मांडले. या गोष्टी पारशी, मुसलमान, इंग्रज, कोणासही तपासून पाहता येत होत्या. पुढल्या वर्षी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. आमच्या मते या पराभवाची सर कित्येक विजयांना येणार नाही.

ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहितो आहोत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत गोखल्यांनी अस्पृश्यतेवर भाषण केले. जो मनुष्य आपल्या धर्मात आहे तोवर आपण त्यास दारात उभे करीत नाही, आणि तोच धर्म सोडून कोट-टोपी घालून आला की त्याच्याशी हस्तांदोलन करतो, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. दक्षिण आफ्रिकेतील अन्यायाबद्दल ओरडणाऱ्यांनी प्रथम आपले घर पाहावे, ही रानड्यांची शिकवणही त्यांनी तेथे सांगितली. धर्माभिमान मिरविणाऱ्या सभांतून हे ऐकविणारे पुढारी तेव्हा किती होते, आणि ज्ञातींच्या व्यासपीठांवर आज किती आहेत, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना झाली. प्रथम गोखल्यांनी स्वतः शपथ घेतली. नंतर द्रविड, देवधर व पटवर्धन या तिघांनी. देशास सदैव अग्रस्थान देईन, स्वतःचा लाभ पाहणार नाही, जात वा पंथ न पाहता सर्व भारतीयांस बंधू मानीन, पैसा मिळविण्यामागे लागणार नाही, शुद्ध आचरण ठेवीन, कोणाशी वैयक्तिक कलह करणार नाही, अशी ती व्रते होती. संन्याशाचीच ही दीक्षा. फक्त भगवी वस्त्रे नाहीत आणि कोणत्याही दैवताचे नाव नाही. सार्वजनिक जीवनास आध्यात्मिक अधिष्ठान हवे हे तत्त्व समाजाच्या प्रास्ताविकात त्यांनी स्पष्ट लिहिले, आणि त्यांचा अर्थ हा होता.

तथापि त्याच प्रास्ताविकात एक वाक्य असे आहे की जे आम्हांस खटकते. ब्रिटिशांशी जडलेला संबंध हा भारताच्या हितासाठी झालेला ईश्वरी संकेत आहे, असे गोखल्यांनी तेथे मानले. त्या पिढीतील पुष्कळांची ही प्रामाणिक समजूत होती, हे खरे. पण ईश्वराचे नाव राजकारणात येताच काय घडते ते पाहा. मिठाचा कर चूक आहे हे आकड्यांनी सिद्ध करणारा मनुष्य, परकी सत्ता का असावी या प्रश्नापाशी आला तेव्हा आकडे ठेवून विधात्याकडे वळला. तेथे वाद खुंटला. आयुष्यभर जो नियम त्यांनी पाळला तो या एका ठिकाणी सुटला, आणि नेमका तेथेच ते काळाच्या मागे राहिले असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यांच्या निग्रहाची एक हकीकत गांधीजींनी नमूद केली आहे. एक साधू गोखल्यांकडे आला आणि मुसलमानांस दडपून हिंदूंचे राजकारण वाढवावे, असा आग्रह धार्मिक कारणे सांगून करू लागला. हे करणे म्हणजेच हिंदू असणे असेल तर मी हिंदू नाही असे आपण खुशाल प्रसिद्ध करा, अशा आशयाचे उत्तर देऊन गोखल्यांनी त्याची बोळवण केली. दत्तकृपेचा उच्चार करून संकल्प लिहिणाऱ्या माणसाचे हे उत्तर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते.

गांधीजी त्यांस राजकीय गुरू मानीत. बॅरिस्टर जिनांचीही मुसलमानांतील गोखले होण्याची महत्त्वाकांक्षा होती, असे सरोजिनीबाईंनी नमूद केले आहे. पुढे एकाने रामनाम व प्रार्थनासभा उघडपणे राजकारणात आणल्या, त्या सर्वधर्मीयांच्या प्रार्थनांसह. आणि दुसऱ्याने धर्माच्या पायावर निराळे राष्ट्र मागितले. एकाच गुरूकडे पाहणाऱ्या दोघांच्या वाटा इतक्या दूर जाव्यात, याचा विचार करताना मन सुन्न होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती. जन्मभर विरोध करणारे लोकमान्य अंत्यविधीस आले आणि लोकांसमोर त्यांनी त्यांचा मुक्तकंठाने गौरव केला. गांधीजींनी भारत सेवक समाजाच्या सभासदत्वासाठी अर्ज केला होता. काही सभासदांचा विरोध आहे असे दिसताच समाजात फूट पडू नये म्हणून त्यांनी तो परत घेतला. गुरूच्या दुःखात ते त्यानंतर वर्षभर अनवाणी चालले.