घड्याळाने दिले, मतपेटीने रोखले

गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जे ऊर बडवून घेतात, त्यांना आमचा एक साधा प्रश्न असतो. ही गुणवत्ता मोजतो कोण? धावण्याच्या शर्यतीत ती घड्याळ मोजते. घड्याळाला जात नाही, वर्ण नाही, नातेवाईक नाहीत. पण शर्यत संपली, की पुढचा निकाल घड्याळ देत नाही. कोणाचे नाव कोरायचे, कोणाचा पुतळा बसवायचा, कोणाला इतिहासात जागा द्यायची, हे बंद खोलीत बसलेली मूठभर माणसे ठरवतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडू बॉब हेस यांचे आयुष्य आज आम्ही वाचकांपुढे ठेवतो आहोत ते यासाठीच. या आयुष्यात घड्याळ आहे आणि बंद खोलीही आहे. या दोहोंच्या मध्ये हेस यांची स्वतःची एक मोठी चूकही आहे. ती आम्ही झाकणार नाही.

हेस यांचा जन्म २० डिसेंबर १९४२ रोजी फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल या शहरात, कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत झाला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात वर्णभेद हा नुसता रिवाज नव्हता, तो कायदा होता. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. महाडच्या तळ्याचा इतिहास ज्यांना पाठ आहे, त्या आमच्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तरी फ्लोरिडातील शाळा पुढे वर्षानुवर्षे वेगळ्याच राहिल्या. हेस शिकले ते मॅथ्यू गिल्बर्ट हायस्कूल कृष्णवर्णीय मुलांचे होते. १९५८ साली या शाळेचा फुटबॉल संघ एकही सामना न हरता राज्यातील कृष्णवर्णीय शाळांमध्ये अजिंक्य ठरला. गोऱ्या मुलांच्या शाळांशी त्यांचा सामनाच होत नसे. सर्वांत चांगला संघ कोणता, हा प्रश्नच उभा राहू द्यायचा नाही, अशी ती सोय होती.

पुढच्या शिक्षणासाठी हेस टॅलाहासी येथील फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात गेले. १८८७ साली कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली ही संस्था. राज्यातील मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे दार कृष्णवर्णीयांना साठचे दशक संपत येईपर्यंत बंदच होते. याच टॅलाहासीत १९६० साली फ्लोरिडा ए अँड एमच्या विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या जेवणाच्या काउंटरवर बसून सत्याग्रह केला होता. त्यांच्यातील काही जणांनी दंड भरायला नकार दिला आणि ४९ दिवस तुरुंगात काढले. अशा वातावरणात हेस वाढले. ते आंदोलनाचे नेते नव्हते. त्यांना खेळायचे होते. प्रशिक्षक जेक गेदर यांनी त्यांना फुटबॉलपटू म्हणून घडवले आणि सोबत धावायलाही लावले.

हेस यांचे धावणे दिसायला सुंदर नव्हते. पाय आत वळलेले, खांदे डोलणारे, शरीर जाडजूड. धावण्याच्या शास्त्रात बसणारे त्यात काहीच नव्हते. पण मे १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरात हक्कासाठी रस्त्यावर उतरलेल्या कृष्णवर्णीय मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, पाण्याचे फवारे मारले, आणि त्यानंतर पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, सेंट लुईस येथे हेस यांनी १०० यार्डांची शर्यत ९.१ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. तो विक्रम ११ वर्षे टिकला.

मग आले १९६४ सालचे टोकियो ऑलिंपिक. भारताच्या हॉकी संघाने पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक परत आणले, तेच हे ऑलिंपिक. १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत हेस यांच्या वाट्याला पहिली लेन आली. कोळशाच्या कचेची ती धावपट्टी चालण्याच्या शर्यतीत उखडली गेली होती. आयत्या वेळी एक बूट सापडेना, म्हणून एका पायात सहकाऱ्याकडून उसना घेतलेला बूट होता. तरीही हेस यांनी १० सेकंदांत शर्यत जिंकून तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. दुसरा आलेला क्यूबाचा फिगेरोला सुमारे दोन मीटर मागे होता. काही दिवसांनी चार जणांच्या रिले शर्यतीत शेवटच्या टप्प्यासाठी हेस यांच्या हाती दांडी आली तेव्हा अमेरिकेचा संघ पाचवा होता. त्या १०० मीटरमध्ये त्यांनी पुढच्या सर्वांना गाठले, मागे टाकले आणि संघाला नव्या जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवून दिले. सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा त्यांच्या देशात या ऑलिंपिकच्या जेमतेम तीन महिने आधी झाला होता!

त्यानंतर हेस वळले ते आपल्या मूळ खेळाकडे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा खेळ आहे. त्यात लांबट चेंडू हाताने फेकतात, हातात घेऊन पळतात. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू लांबवर फेकतो आणि रिसीव्हर प्रतिस्पर्ध्यांच्या मधून पळत जाऊन तो झेलतो. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला, की टचडाऊन. हेस हे रिसीव्हर होते. १९६५ साली ते डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघातून मैदानात उतरले. नुसता पळणारा माणूस इथे काय टिकणार, अशी अनेकांना शंका होती. पहिल्याच हंगामात त्यांनी ४६ झेलांत १,००३ यार्डांची मजल मारली आणि झेल घेऊन १२ टचडाऊन केले. दुसऱ्या वर्षी १,२३२ यार्ड आणि १३ टचडाऊन.

आकडे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. हेस यांनी खेळच बदलायला भाग पाडले. तोपर्यंत एका रिसीव्हरमागे एक रक्षक धावत असे. हेस यांच्यामागे धावू शकेल असा रक्षक कोणत्याच संघाकडे नव्हता. तेव्हा माणसाऐवजी मैदानाचा भाग वाटून घेऊन राखण्याची पद्धत संघांना वापरावी लागली. त्या पद्धतीच्या प्रसारामागचे एक मोठे कारण म्हणून आजही हेस यांचे नाव घेतले जाते. एका माणसासाठी सगळ्यांना नवा बंदोबस्त करावा लागला, याहून मोठी गुणवत्तेची पावती कोणती?

त्यांच्या खेळात उणिवा नव्हत्या असे नाही. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे हाडे गोठवणाऱ्या थंडीत झालेल्या अंतिम सामन्यात, चेंडू आपल्याकडे येणार नसेल तेव्हा ते हात पँटमध्ये खुपसून उभे राहत. पुढे काय होणार ते प्रतिस्पर्ध्यांना त्यावरूनच कळे. तो सामना डॅलस हरले. पण जानेवारी १९७२ मध्ये डॅलसने मायामीला २४-३ असे हरवून सुपर बाउल जिंकला. ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणि सुपर बाउलची अंगठी, दोन्ही मिळवणारे हेस हे एकमेव खेळाडू आहेत.

आता मैदानाबाहेरची गोष्ट. रविवारी ज्यांच्यासाठी हजारो गोरे प्रेक्षक टाळ्या वाजवत, त्यांना सोमवारी त्याच डॅलस शहरात हव्या त्या वस्तीत घर मिळत नसे. हेस यांचे कृष्णवर्णीय सहकारी मेल रेनफ्रो यांना भाड्याच्या घरासाठी १९६९ साली कोर्टाची पायरी चढावी लागली. आडनाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव असलेल्या आमच्या बांधवांना हे नवे वाटणार नाही. खेळणे थांबले की पुढे काय, हाही प्रश्न होताच. त्या काळात कृष्णवर्णीयांचे पाय मैदानावर चालत, पण मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीत ते चालत नसत. आधुनिक काळात या व्यावसायिक लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमला गेला तो १९८९ साली.

१९७५ साली डॅलसने हेस यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडे दिले. तेथे चार सामन्यांनंतर त्यांना मोकळे करण्यात आले. एकूण ३७१ झेल, ७,४१४ यार्ड, ७१ टचडाऊन, आणि प्रत्येक झेलामागे सरासरी २० यार्ड, एवढी कमाई मागे ठेवून कारकीर्द संपली. मग उतार सुरू झाला. दारू आणि अमली पदार्थ. १९७८ साली साध्या वेशातील पोलिसाला अमली पदार्थ पुरवल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. १९७९ साली त्यांनी गुन्हा कबूल केला. पाच वर्षांची शिक्षा झाली आणि सुमारे दहा महिने टेक्सासच्या तुरुंगात काढावे लागले. जगातील सर्वांत वेगवान माणूस कोठडीत बसला.

येथे आम्ही हेस यांची वकिली करणार नाही. परिस्थिती कठीण होती हे खरे, पण त्याच परिस्थितीतून आलेले त्यांचे कितीतरी सहकारी व्यसनापासून दूर राहिले. आम्ही पंचशील घेतो तेव्हा पाचवे शील नुसते तोंडाने म्हणायचे नसते. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घातली ती उगाच नव्हे. शोषित समाजातील कर्तबगार माणूस व्यसनात बुडतो तेव्हा तो एकटा बुडत नाही. त्याच्यामुळे ज्यांना उभे राहण्याचे बळ मिळाले असते, ती पोरेही त्याच्याबरोबर बुडतात. आणि विरोधकांच्या हातात आयते हत्यार मिळते ते वेगळेच.

ते हत्यार कसे वापरले गेले तेही पाहा. ओहायो राज्यातील कँटन येथे या खेळाचे हॉल ऑफ फेम आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडूचा तेथे विचार होऊ शकतो. निवड करतात ते बहुतांश पत्रकार, तेही गुप्त मतदानाने. नियम असा, की खेळाडूची मैदानावरील कामगिरीच विचारात घ्यायची, मैदानाबाहेरचे वागणे नाही. पण ऐंशीचे दशक गेले, नव्वदचे गेले, हेस यांचे नाव काही निघेना. कारण कोणी लिहून दिले नाही, मात्र तुरुंगाचा डाग आड आला हे उघड बोलले जात होते.

आता याच दालनातील दुसरी नावे काढू. पॉल हॉर्नंग या गोऱ्या खेळाडूवर १९६३ साली पूर्ण हंगामाची बंदी आली होती. कारण काय, तर आपल्याच लीगच्या सामन्यांवर पैसे लावले. हा अपराध तर थेट खेळाशी केलेला! त्यांना १९८६ साली दालनात जागा मिळाली. मग सगळा दोष केवळ कातडीच्या रंगाचा होता का? तसे म्हणणेही सोपे होईल. लॉरेन्स टेलर हे कृष्णवर्णीय खेळाडू. त्यांचे अमली पदार्थांचे प्रकरण जगजाहीर होते, तरी १९९९ साली पहिल्याच खेपेला त्यांची निवड झाली. तेव्हा आमचा आक्षेप याहून खोल आहे. नियम कागदावर एक होता आणि खोलीत तो माणूस पाहून लावला जात होता. एकाला माफी, दुसऱ्यालाही माफी आणि तिसऱ्याला जन्मभर रांग. ज्याला नियम लवचिक ठेवायचा असतो, तोच गुणवत्तेच्या नावाने सर्वांत मोठ्याने ओरडत असतो. मुलाखतीचे गुण कसे दिले जातात, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना हे कळेल.

हेस तुरुंगातून बाहेर आले, व्यसनाशी पुन्हा पुन्हा झगडले. रॉजर स्टॉबाक यांच्यासारखे जुने सहकारी मदतीला आले. पुढे हेस पुन्हा विद्यापीठात गेले आणि अर्धवट राहिलेली पदवी त्यांनी पूर्ण केली. पडलेला माणूस उठून पुन्हा पुस्तकाकडे गेला, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या पदकांइतकीच मोलाची वाटते. २००१ साली डॅलस संघाने आपल्या मानाच्या यादीत त्यांचे नाव घेतले. पुढच्याच वर्षी, १८ सप्टेंबर २००२ रोजी, जॅक्सनव्हिलमध्येच मूत्रपिंड निकामी होऊन त्यांचे निधन झाले. वय ५९. २००४ साली हॉल ऑफ फेमसाठी त्यांचे नाव शेवटच्या फेरीपर्यंत आले आणि पुन्हा नाकारले गेले. तेव्हा पॉल झिमरमन या ज्येष्ठ गोऱ्या क्रीडापत्रकाराने निवड समितीचा राजीनामा दिला. अन्यायाच्या खोलीतून बाहेर पडणारा असा एखादा माणूस असतो, त्याचीही नोंद ठेवली पाहिजे. अखेर २००९ साली दार उघडले. शेवटच्या सामन्यानंतर ३४ वर्षांनी आणि मृत्यूनंतर सात वर्षांनी.

मेल्यानंतरचा सन्मान कोणाच्या कामाचा? ज्याला तो हवा होता, तो ऐकायला नव्हता. तरीही आम्ही त्याला व्यर्थ म्हणणार नाही. कारण नाव नोंदले गेले नाही, तर पुढच्या पिढीला माणूस होऊन गेला हेच कळत नाही. आपल्या माणसांची नोंद दुसऱ्याच्या मतपेटीवर सोडून चालत नाही, म्हणून तर १९२० साली मूकनायक निघाला. आपले खेळाडू, कलावंत, कामगार, शिक्षक यांची नोंद आपणच केली पाहिजे. त्यांच्या चुकांसकट केली पाहिजे. चुका लपवल्या, तर दुसरे कोणी त्या आपल्या सोयीने सांगेल.

आणि तरुणांना आमचे एवढेच सांगणे आहे. व्यवस्था तुमची एक चूक शोधत बसलेली आहे. इतरांच्या चुका ती विसरते, तुमची विसरणार नाही. हा अन्याय आहे आणि त्याच्याशी लढायचेच आहे. पण लढायला उभे राहायचे तर पाय शाबूत हवेत. हेस यांचे पाय जगात सर्वांत वेगवान होते. बाटलीने त्यांना गाठले. तिला तुमच्यापर्यंत पोचू देऊ नका.

जयभीम!