पैलवान खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील स्वतः पैलवान, म्हणून खाशाबा लहानपणीच लाल मातीत उतरले. शाळा कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढचं शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झालं.

ते अंगानं थोराड नव्हते, उंचीही बेताचीच. पण फार चपळ होते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान कवेत धरून त्याला आपटायचं, म्हणजे ढाक. आमच्या तालमीत वस्ताद हा डाव फक्त मोठ्या पोरांना शिकवतात, कारण मानेला इजा होते.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक झालं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला आणि खाशाबा गेले. पण तिथं माती नव्हतीच, गादी होती! मातीत पाय रुततो, गादीवर तसा रुतत नाही. आपल्याकडं पाठ टेकली की चितपट, मग कितीही वेळ लागो. तिथं वेळ ठरलेली आणि पाठ नाही टेकली तर पंच गुण बघून निकाल देणार. तरी खाशाबांचा सहावा नंबर आला. मला वाटतं, सवय नसताना एवढं म्हणजे लई झालं.

पुढं चार वर्षं त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीला जायचं ठरलं, पण पैसे कुठून आणायचे? गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली. तरी पुरेनात. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं. घर म्हणजे राहतं घर बरं का!

हेलसिंकीला खाशाबा ५७ किलो गटात लढले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना त्यांनी हरवलं. मग जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली, ती ते हरले. लगेच रशियाच्या पैलवानाशी लढायला उभं केलं. मध्ये अर्धा तास विसावा मिळायला हवा होता, पण ते सांगायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. मला याचा फार राग येतो. तरीपण कांस्यपदक मिळालंच. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूचं ते पहिलं पदक.

परत आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार झाले. पण खाशाबा घराचं विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्या लावल्या, जिंकल्या आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं. मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

१९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळात मशाल घेऊन धावले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला, पण तो त्यांच्या माघारी, २००० सालचा.

त्यांच्यानंतर एकट्याचं पदक मिळालं ते टेनिसमध्ये लिअँडर पेस यांना, १९९६ साली. मधे ४४ वर्षं गेली. मी वजाबाकी दोनदा करून पाहिली.