दृष्टी नाही, तरी पॅरिसमधून डॉक्टरेट. कोण होते ताहा हुसेन?

परदेशी शिकायला जायचं म्हटलं की आज आपण व्हिसा, फी, हॉस्टेल बघतो. 1914 मध्ये इजिप्तहून फ्रान्सला निघालेल्या ताहा हुसेन यांच्यापुढे आणखी एक प्रश्न होता : पुस्तकं वाचून कोण दाखवणार?

त्यांचा जन्म 1889 चा, खेड्यातला. लहानपणी डोळे आले, गावच्या न्हाव्याने उपचार केले आणि दृष्टी कायमची गेली. पुढे कैरोत अल-अझहर आणि मग नवं इजिप्शियन विद्यापीठ. अल-मअर्री या अंध अरबी कवीवर प्रबंध लिहून त्यांनी 1914 मध्ये या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट मिळवली. तरीही परदेशी पाठवायला विद्यापीठ सहजी तयार नव्हतं.

अखेर माँपेलिएला पोहोचले. वर्षभरातच विद्यापीठाकडचे पैसे संपले आणि त्यांना परत बोलावलं गेलं. काही महिन्यांनी ते पुन्हा निघाले, या वेळी पॅरिसला. तेही पहिलं महायुद्ध सुरू असताना!

माँपेलिएतच त्यांना सुझान ब्रेसो भेटल्या होत्या. त्या पुस्तकं वाचून दाखवायच्या. स्क्रीन रीडर नव्हता, ऑडिओबुक नव्हतं. वाचणारं माणूस आलं नाही तर त्या दिवशीचा अभ्यास बुडाला. 1917 मध्ये दोघांनी लग्न केलं. 1918 मध्ये इब्न खल्दूनवरील प्रबंधाला सोरबोनची डॉक्टरेट मिळाली.

1950 मध्ये ताहा इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले. त्यांच्याच कार्यकाळात सरकारी माध्यमिक शाळांची फी रद्द झाली.