मुक्या लेंकरांचा धर्मपिता : फादर शार्ल-मिशेल द लेपे

ज्युबिलीचें वर्ष म्हणजे केवळ तोरणें, मिरवणूक व मेजवानी यांचें वर्ष नव्हे. पवित्र शास्त्रांतील ज्युबिली ही दास्यांतून सुटकेची व गमावलेला वांटा ज्याचा त्याला परत मिळण्याची वेळ होती. म्हणून या स्मरणिकेंत आम्ही अशा एका धर्मगुरूचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों, कीं ज्यांनीं समाजानें टाकून दिलेल्या लेंकरांचा वांटा त्यांना परत मिळवून दिला. पांगळे, अंधळे, बहिरे यांना दयेची भीक न घालतां विद्या, उद्योग व मान यांचे अधिकारी कसें करावें, याचें आज एक स्वतंत्र शास्त्र झालें आहे व त्याला पुनर्वसन असें नांव आहे. त्या शास्त्राच्या पायांतील एक मोठा चिरा फादर द लेपे यांनीं बसविला.

त्यांचा जन्म फ्रान्स देशांत व्हर्साय येथें सन १७१२ च्या नोव्हेंबर महिन्यांत झाला. घर सुखवस्तु होतें. लहानपणापासून त्यांचा ओढा धर्मगुरु होण्याकडे होता. परंतु त्या काळीं फ्रान्सच्या ख्रिस्तसभेंत यान्सेनपंथाचा मोठा वाद माजला होता. त्या मतांचा निषेध करणाऱ्या प्रतिज्ञापत्रावर लेपे यांनीं सही करण्याचें नाकारलें व त्यामुळें त्यांचा मार्ग खुंटला. कांहीं काळ त्यांनीं कायद्याचा अभ्यास करून वकिलीची सनदहि मिळविली. पुढें त्र्वा येथील बिशपांनीं त्यांना गुरुदीक्षा दिली. त्या बिशपांच्या मृत्यूनंतर ते पॅरिसला परत आले, तों तेथील आर्चबिशपांनीं त्यांना पापनिवेदन ऐकण्याची मनाई केली. या वादांत त्यांची बाजू घेण्याचा आमचा हेतु नाहीं. इतकेंच सांगावयाचें, कीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेला हा गुरु हातीं कांहीं सेवा नसलेला, बाजूस सारलेला असा होता. परमेश्वरानें त्याला बाजूस सारलेल्या मुलांकडेच पाठविलें.

सन १७६० च्या सुमारास ते कांहीं कामानिमित्त पॅरिसमधील एका घरीं गेले. आई बाहेर गेली होती व तिच्या दोन मुली शिवणकाम करीत बसल्या होत्या. लेपे यांनीं त्यांना कांहीं विचारलें. मुलींनीं मान वर केली नाहीं. पुन्हां विचारलें, तरी उत्तर नाहीं. आई आल्यावर उलगडा झाला : दोघीहि जन्मापासून बहिऱ्या होत्या. वानॅं नांवाचे एक गुरु त्यांना संतांचीं चित्रें दाखवून धर्माची कांहीं ओळख करून देत असत. पण ते मरण पावले होते व आतां त्या मुलींना शिकविणारें कोणी राहिलें नव्हतें. या मुली देवाला ओळखल्यावांचूनच जगतील व मरतील, या विचारानें लेपे यांचें अंतःकरण हेलावलें. त्यांनीं दोघींनाहि शिकविण्याचें पत्करलें. कसें शिकवावें, हें मात्र त्यांना मुळींच ठाऊक नव्हतें.

येथें त्या काळची समजूत ध्यानांत घेतली पाहिजे. बोलणें हेंच बुद्धीचें लक्षण, म्हणून जो बोलत नाहीं तो विचारहि करीत नाहीं, असें थोर थोर विद्वान् मानीत. श्रद्धा ऐकण्यानें येते या अर्थाचें संत पौलाचें वचनहि चुकीच्या रीतीनें ताणून बहिऱ्यांविरुद्ध लावलें जाई. याला अपवाद घडले नव्हते असें नाहीं. सोळाव्या शतकांत स्पेन देशांत पेद्रो पोन्से द लेओन या बेनेदिक्तीन संन्याशानें सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांना लिहावयास व बोलावयास शिकविलें होतें. खुद्द पॅरिसमध्यें परेरा नांवाचे एक निष्णात शिक्षक होते. पण ते थोड्या मुलांना शिकवीत व आपली पद्धति गुप्त ठेवीत. गरिबाच्या बहिऱ्या मुलाला वाली नव्हता.

लेपे यांनीं जें ओळखलें तें ऐकावयास साधें आहे, पण त्याआधीं फारच थोड्यांच्या ध्यानांत आलें होतें. आपल्याला कोणताहि शब्द समजतो तो त्याचा अर्थ कोणी तरी दाखविला म्हणून. शब्द व अर्थ यांची गांठ जन्मतः बांधलेली नसते. मग कानांच्या दारानें जें जात नाहीं, तें डोळ्यांच्या दारानें कां जाऊं नये? बहिरीं माणसें आपसांत हातांच्या खुणांनीं बोलतात हें त्यांनीं पाहिलें, आणि शिष्यांना आपली भाषा शिकविण्याआधीं ते स्वतः शिष्यांची भाषा शिकूं लागले. खुणेवरून लिहिलेल्या शब्दाकडे, शब्दावरून वाक्याकडे व वाक्यावरून धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांकडे, असा त्यांचा क्रम होता.

दोन मुलींची ही शाळा मुलॅं रस्त्यावरील त्यांच्या राहत्या घरींच वाढत गेली. कांहीं वर्षांनीं शिष्यांची संख्या सुमारें सत्तरांवर पोंचली. फी घ्यावयाची नाहीं, हा नियम होता. वडिलांकडून आलेल्या मिळकतीच्या उत्पन्नांत सारा खर्च भागवीत. सन १७८८ च्या कडक हिवाळ्यांत या म्हाताऱ्या गुरूनें मुलांच्या खर्चांत तूट येऊं नये म्हणून आपल्या खोलींत शेगडीच पेटविली नाहीं, व शेवटीं शिष्यांनीं रडून विनविल्यावर सरपण आणूं दिलें, अशी कथा त्यांच्या मागें सांगितली जाऊं लागली.

सन १७७१ पासून कांहीं वर्षें त्यांनीं शिष्यांच्या जाहीर परीक्षा घेतल्या. ज्यांना लोक मतिमंद समजत, तीं मुलें धर्मावरील प्रश्नांचीं उत्तरें निरनिराळ्या भाषांत लिहून देत आहेत, हें पाहून पॅरिस थक्क झालें. सन १७७६ मध्यें त्यांनीं आपली पद्धति ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली व जो कोणी शिकावयास येईल त्याला ती मोकळेपणानें दिली. सन १७७७ मध्यें ऑस्ट्रियाचे सम्राट् दुसरे जोसेफ हे शाळा पाहून गेले. त्यांनीं नंतर एक धर्मगुरु लेपे यांच्याकडे शिकावयास पाठविला, व सन १७७९ मध्यें व्हिएन्ना येथें बहिऱ्यांची शाळा निघाली.

चरित्रलेखकानें नायकाच्या चुका झांकूं नयेत, म्हणून दोन गोष्टी सांगणें आम्हांस प्राप्त आहे. पहिली, रस्त्यावर टाकून दिलेल्या एका बहिऱ्या मुलाविषयींची. हा मुलगा सोलार नांवाच्या सरदार घराण्याचा वारस आहे, अशी लेपे यांची खात्री झाली व ते न्यायालयांत गेले. सन १७८१ मध्यें निकाल मुलाच्या बाजूनें लागला. पण लेपे यांच्या मृत्यूनंतर, सन १७९२ मध्यें, तो फिरविण्यांत आला. मधल्या काळांत एका तरुणाला त्या आरोपापायीं तुरुंगवास भोगावा लागला होता. दयाळू मनहि कधीं कधीं घाईनें न्याय करूं पाहतें, हें यावरून शिकावें.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची. मुलांच्या स्वाभाविक खुणा अपुऱ्या आहेत असें मानून लेपे यांनीं त्यांवर फ्रेंच व्याकरणाचीं चिन्हें लादलीं. त्यामुळें शिष्य खुणांवरून वाक्य अचूक लिहीत, पण आपल्या मनचें वाक्य रचतांना अडखळत. पिएर देलोझ नांवाच्या एका बहिऱ्या बुकबाइंडरानें सन १७७९ मध्यें पुस्तक लिहून दाखवून दिलें, कीं पॅरिसच्या बहिऱ्यांची स्वतःची भाषा कोणत्याहि शाळेवांचून नांदत आहे. देलोझ खुणांच्या शिक्षणाच्या बाजूचेच होते. तरीहि त्यांच्या साक्षीनें एक सत्य उघड झालें, कीं लेपे यांनीं ही भाषा निर्माण केली नाहीं. त्यांनीं तिला शाळेचें दार उघडून दिलें. आमच्या मतें हाच त्यांचा खरा मोठेपणा.

ता. २३ डिसेंबर १७८९ रोजीं, फ्रान्सांत राज्यक्रांतीचा वणवा पेटला असतां, फादर द लेपे यांनीं देह ठेवला. सेंट रॉकच्या देवळांत त्यांना मूठमाती देण्यांत आली. सन १७९१ मध्यें राष्ट्रसभेनें त्यांचें नांव मानवजातीच्या उपकारकर्त्यांत नोंदविलें व त्यांची शाळा सरकारी खर्चानें चालविण्याचें ठरविलें. ती संस्था आजहि पॅरिसमध्यें चालू आहे. तेथेंच शिकून तेथेंच शिक्षक झालेले लोरां क्लेर्क हे बहिरे गृहस्थ सन १८१६ मध्यें अमेरिकेस गेले, आणि दुसऱ्या वर्षीं हार्टफर्ड येथें त्यांच्या साहाय्यानें शाळा उघडली. ज्याला शिकविलें तोच दुसऱ्यांचा गुरु झाला, याहून पुनर्वसनाची दुसरी खूण कोणती?

पुढें दिवस फिरले. सन १८८० मध्यें मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करावी असा ठराव केला, व अनेक देशांत मुलांचे हात बांधल्यासारखे झाले. सन २०१० मध्यें व्हॅंकूव्हर येथील परिषदेनें त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. आपल्या देशापुरतें सांगावयाचें तर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वांत मुंबईचे बिशप लिओ म्यूरिन यांनीं तेथें बहिऱ्यामुक्यांसाठीं शाळा काढली. भारतांतील अशा शाळांचा आरंभ तीपासूनच धरतात. सन २०१५ मध्यें दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली, व सन २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानें संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषेची गणना केली.

वाचकहो, या चरित्राचा बोध आम्हीं काय घ्यावा? फादर द लेपे यांनीं त्या दोन बहिणींना बरें केलें नाहीं. त्यांचे कान शेवटपर्यंत बंदच राहिले. बदल झाला तो त्यांच्या भोंवतालच्या माणसांत. काय नाहीं हें न मोजतां काय आहे हें पाहणें, त्याच्याच भाषेंत त्याच्याशीं बोलणें, आणि गरिबासाठींहि दार सताड उघडें ठेवणें, या तीन पायऱ्यांवर ते काम उभें राहिलें व आजहि उभें आहे.

प्रत्येक धर्मग्रामांत असें एखादें लेंकरूं असतें. मिस्सेच्या वेळीं तें आईजवळ बसतें, इतरांचें पाहून गुडघे टेकतें, आणि सर्व गात असतांना इकडे तिकडे पाहत राहतें. आपण त्याच्या डोक्यावरून हात फिरवितों व पुढें जातों. या ज्युबिलीच्या वर्षीं आपण तेथें क्षणभर थांबूं या, त्याच्या शेजारीं बसूं या, आणि त्याचे हात काय सांगत आहेत तें शिकूं या. बहिऱ्याला गर्दींतून बाजूस नेऊन त्याचे कान उघडणाऱ्या प्रभु येशूला ती प्रार्थनाच वाटेल.