पाण्याचा हिशेब मांडणारा अभियंता

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव निघाले की बहुतेकांना कृष्णराजसागर धरण आठवते, म्हैसूरचे दिवाणपद आठवते आणि त्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, देशभर साजरा होणारा अभियंता दिन आठवतो. त्यांच्या सरकारी नोकरीची पहिली चोवीस वर्षे मात्र मुंबई इलाख्यात गेली, आणि त्यांतली महत्त्वाची वर्षे पुण्यात, याचा फारसा उल्लेख होत नाही. नदीचे पाणी किती आहे, ते जमिनीत किती मुरते आणि शेतकऱ्यांमध्ये ते कसे वाटावे, या प्रश्नांचा अभ्यास त्यांनी याच मातीत केला. त्यांच्या कीर्तीचा कळस म्हैसुरात चढला असला, तरी पाया महाराष्ट्रात घातला गेला होता.

आजच्या कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. जन्मसाल काही ठिकाणी १८६०, तर काही ठिकाणी १८६१ असे दिलेले आढळते. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. परंतु मुलगा शाळेत असतानाच त्यांचे निधन झाले. घरची स्थिती बेताची होती. शिकवण्या करून विश्वेश्वरय्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी. ए. पूर्ण केले. पुढे म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पूर्वसुरी संस्थेत, दाखल झाले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नाशिकला नेमणूक झाली.

पहिली कसोटी खानदेशात लागली. धुळ्याजवळ दातर्ती येथे पांझरेचे पाणी नळांतून ओढ्यापलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा तोंडावर होता आणि वाहून येणारी वाळू केलेले काम पुन्हा भरून टाकत होती. अशा स्थितीत नवख्या अभियंत्याने ते पूर्णत्वास नेले.

पांझरेच्या खोऱ्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तेथे फार पूर्वीपासून फड पद्धत नांदत होती. नदीवर लहान बंधारा घालायचा, पाटाने पाणी आणायचे, गावाचे शिवार काही फडांत विभागायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. उसाचा फड दरवर्षी बदलायचा, पाणी पाटकऱ्याने पाळीपाळीने सोडायचे आणि गावाने त्यावर देखरेख ठेवायची. पाणी कोणाच्या शेतात आधी जाईल, हे बळावर नव्हे तर नियमावर ठरत असे. विश्वेश्वरय्यांनी पुढे पुण्यात जी पद्धत बसवली, तिचे या जुन्या रीतीशी असलेले साम्य कोणाही जाणकाराच्या लक्षात येण्यासारखे आहे.

त्यानंतरचा टप्पा सिंधमधील सक्करचा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. सिंधू नदी शेजारून वाहत असूनही तिचे गढूळ पाणी शहराला पिण्याजोगे नव्हते. गाळण-टाक्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. १८९४-९५ च्या सुमारास हे काम विश्वेश्वरय्यांकडे सोपवण्यात आले. त्यांनी काठाजवळ नदीच्या पात्रातच विहीर खणली आणि तिच्या तळापासून पात्राखाली बोगदा नेला. वाळूच्या थरांतून झिरपत येणारे पाणी विहिरीत स्वच्छ होऊनच उतरू लागले. पृष्ठभागावरची नदी आणि भूगर्भातले पाणी ही दोन वेगळी खाती नव्हेत, ते एकाच साठ्याचे दोन भाग आहेत, ही दृष्टी या साध्या योजनेत होती. खर्चिक यंत्रणेचे काम त्यांनी नदीच्या वाळूकडून करून घेतले.

१८९९ मध्ये ते पुण्याला कार्यकारी अभियंता झाले. दख्खनसाठी तो काळ अतिशय कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळातून सावरण्याआधीच १८९९-१९०० चा दुष्काळ येऊन ठेपला होता. मुठा आणि नीरा नद्यांवरील कालवे दुष्काळाला उतारा म्हणून काढले गेले होते. पण त्यांच्या पाण्याचा वापर विचित्र रीतीने होत होता. बरा पाऊस झाला की काळ्या जमिनीतील शेतकरी कालव्याकडे फिरकत नसे, कारण ज्वारी-बाजरीला ओलावा पुरेसा असे. पाऊस रुसला की सारेच एकदम पाणी मागत आणि ते कोणालाच पुरत नसे. बारमाही पाणी घेणारा ऊस तेवढा कालव्याच्या वरच्या अंगाला एकवटला होता. तेथे पाणी गरजेपेक्षा जास्त दिले जाई, भूजलाची पातळी वर येई, जमिनी पाणथळ आणि खारवट होत आणि गावोगाव हिवताप पसरे. कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी मात्र कोरडाच राही. पाणी होते, पैसाही ओतलेला होता; हिशेब तेवढा नव्हता.

विश्वेश्वरय्यांनी या दुखण्यावर ब्लॉक पद्धतीचा उपाय सुचवला. कालव्याखालची सारी जमीन वाटेल तशी भिजवण्याऐवजी प्रत्येक गावात योग्य जमिनीचे ठरावीक गट आखायचे. गटातील साधारण एकतृतीयांश क्षेत्रावर ऊस आणि उरलेल्या भागात कमी पाण्याची हंगामी पिके घ्यायची. उसाची जागा फेरपालटाने बदलत राहील, म्हणजे जमिनीला विश्रांती मिळेल. शेतकऱ्याला पाण्याची दीर्घ मुदतीची हमी द्यायची आणि त्याने मंजूर क्षेत्रापलीकडे पाणी मागायचे नाही. एका गावात मुरणारे पाणी अनेक गावांना पुरवणे आणि जमिनीला सोसेल एवढेच पाणी तिच्यात सोडणे, हे या योजनेचे दोन हेतू होते.

उसाच्या बागायतदारांना हे रुचणे शक्य नव्हते. हवे तेव्हा हवे तेवढे पाणी घेण्याची सवय सुटणार होती. सरकार आपल्या हक्कावर गदा आणत आहे, अशी भावना पसरली. विश्वेश्वरय्यांनी हा विरोध केवळ हुकमाने मोडून काढला नाही. शेतकऱ्यांशी बोलून आणि योजना समजावून देऊन त्यांनी ती टप्प्याटप्प्याने लागू केली. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय सिंचन आयोगाने १९०१ ते १९०३ या काळात देशभरच्या पाटबंधाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा दख्खनच्या कालव्यांपुढील उपाय म्हणून ही पद्धत आयोगापुढे मांडली गेली.

याच काळात खडकवासल्याचा प्रश्न पुढे आला. शहर, लष्करी छावणी आणि शेती या तिघांनाही अधिक पाणी हवे होते, आणि पावसाळ्यात सांडव्यावरून ते डोळ्यांदेखत वाहून जात होते. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे आणि जोखमीचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. त्यामुळे साठ्याची पातळी सुमारे आठ फूट उंचावता आली. पाणी ठरलेल्या रेषेवर गेले की दरवाजे आपोआप उघडत, खाली उतरले की मिटत. असेच दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणावरही बसले.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. कितीही गुणवत्ता दाखवली तरी भारतीय माणसाला मुख्य अभियंत्याची खुर्ची मिळणार नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार माजवला. निजाम सरकारने त्यांना बोलावले. शहराच्या वरच्या अंगाला पूर थोपवणारे जलाशय बांधावेत, ही त्यांची शिफारस पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर या रूपाने साकारली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. १९११ मध्ये कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम सुरू झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी दिवाणपद भूषवले. मंड्याच्या कोरडवाहू शिवाराचे रूप या पाण्याने पालटले.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न देऊन गौरवण्यात आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून खडकवासल्याचे धरणही भंगले आणि पुणे पाण्याखाली गेले, तेव्हा त्या धरणावर आपली पहिली मोठी कल्पना उभारणारा हा अभियंता हयात होता. वयाची शंभरी पार करून १९६२ च्या एप्रिलमध्ये बंगळूर येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांनी बांधलेल्या भिंती आणि दरवाजे लोकांच्या स्मरणात राहिले. त्यांनी शिकवलेली वाटणी मात्र आपण विसरत गेलो. कागदावर ब्लॉक टिकले, पण त्यामागची शिस्त सैल झाली. कालव्याच्या तोंडाशी ऊस फोफावला, शेपूट कोरडेच राहिले आणि नीरेच्या खोऱ्यात जमिनी खारावत गेल्या. कालव्यातून मिळेना ते पाणी शेतकरी विंधनविहिरींनी भूगर्भातून उपसू लागला. पाणी मोजून द्यावे आणि पाणीवापर संस्थांनी ते आपसांत वाटून घ्यावे, असा कायदा महाराष्ट्राने २००५ मध्ये केला. भूजलाच्या व्यवस्थापनाचा कायदाही २००९ च्या क्रमांकाने नोंदला गेला. हे कायदे जे सांगू पाहतात, ते पुण्याच्या एका कार्यकारी अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी मुठेच्या आणि नीरेच्या काठी करून पाहिले होते. दर १५ सप्टेंबरला त्यांच्या पुतळ्याला हार घालताना धरणात किती पाणी साठले याबरोबरच ते कोणाच्या शेतापर्यंत पोचले, हेही विचारले गेले, तर ते त्यांचे खरे स्मरण ठरेल.