एका क्रियापदामागे गेलेलं आयुष्य

तुतनखामेन हे नाव तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असणारच. सिनेमात, गेममध्ये, नाहीतर शाळेच्या पुस्तकात. या नावाच्या मधोमध एक क्रियापद बसलंय, हे मात्र बहुधा कुणी सांगितलं नसेल. 'अंख' म्हणजे जगणं. अमुन देवाची जिवंत प्रतिमा, असा त्या अख्ख्या नावाचा अर्थ. अमेनहोतेपमधलं 'होतेप' म्हणजे संतुष्ट असणं. थुतमोसमधलं 'मोस' म्हणजे जन्मणं. इजिप्तमधली अशी कितीतरी नावं म्हणजे चिमुकली वाक्यंच आहेत.

गंमत अशी, की जवळजवळ चौदाशे वर्षं ही वाक्यं जगात कुणालाच वाचता येत नव्हती. देवळांच्या भिंती भरभरून लिहिलेल्या, आणि वाचणारा एकही नाही. ज्याने ती पुन्हा वाचली त्या ज्याँ-फ्रान्स्वा शाँपोलियाँचं नाव रोझेटा शिलालेखाबरोबर घेतलं जातं. पण दगड सापडला म्हणजे उत्तर सापडलं, असं मुळीच झालं नाही. दगड मिळाला १७९९ साली, उत्तर १८२२ साली. आणि माझ्या मते शाँपोलियाँची खरी झुंज त्या उत्तरानंतर सुरू झाली.

त्याचा जन्म २३ डिसेंबर १७९० चा, दक्षिण फ्रान्समधल्या फिजाक या छोट्या गावातला. वडिलांचं पुस्तकांचं दुकान. बारा वर्षांनी मोठा असलेला भाऊ जाक-जोसेफ हाच त्याचा पालक, शिक्षक आणि पुढे आयुष्यभर त्याचा खर्च उचलणारा माणूस. या भावाशिवाय ही गोष्ट घडलीच नसती. त्याने धाकट्याला दहाव्या वर्षी ग्रनोबलला आपल्याकडे आणलं. तिथे या पोराने लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी, सिरियाक अशा भाषांचा सपाटा लावला. सोळाव्या वर्षी त्याने ग्रनोबलच्या विद्वत्सभेपुढे निबंध वाचला. इजिप्तमधल्या जुन्या गावांची नावं कॉप्टिक भाषेतून कशी उलगडतात, हा त्याचा विषय. सोळाव्या वर्षी तुम्ही-आम्ही काय करत होतो, हा प्रश्न इथे नको विचारूया.

कॉप्टिक हा शब्द लक्षात ठेवा. इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची ही भाषा म्हणजे प्राचीन इजिप्शियनचीच शेवटची पिढी. ग्रीक अक्षरांत, अधिक थोड्या जादा खुणांसह लिहिलेली. शाँपोलियाँच्या काळापर्यंत ती चर्चच्या प्रार्थनांपुरती उरली होती. १८०७ ते १८०९ तो पॅरिसला शिकायला होता. भावाला लिहिलेल्या पत्रांत पैशांची रड पुन्हा पुन्हा येते. त्याच दिवसांत तो सेंट रॉक चर्चमध्ये एका इजिप्शियन पाद्र्याकडे कॉप्टिक घोटत होता. इतकी, की तो स्वतःशीच कॉप्टिकमध्ये बोलायचा, मनात आलेलं सगळं तिच्यात उलथं करून बघायचा.

अठराव्या वर्षी तो ग्रनोबलला इतिहास शिकवायला लागला. पुढची वर्षं भरभर सांगतो. दोघे भाऊ नेपोलियनच्या बाजूचे. १८१५ मध्ये नेपोलियन पडला आणि या दोघांना ग्रनोबल सोडून फिजाकला हद्दपार व्हावं लागलं. नंतर परतही आले, पण १८२१ मध्ये शाँपोलियाँची नोकरी गेली ती गेलीच. तिशीचा, लग्न झालेला, तब्येतीने तोळामासा असा हा माणूस पॅरिसला भावाच्या आसऱ्याला आला.

आता मूळ कोडं बघा. रोझेटाच्या दगडावर इ. स. पूर्व १९६ सालचा एकच हुकूम दोन भाषांत आणि तीन लिप्यांत कोरलाय: वर चित्रलिपी, मध्ये डेमोटिक, खाली ग्रीक. ग्रीक वाचता येत होतं. पण चित्रलिपीतलं प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अख्खी कल्पना, अशी समजूत शतकानुशतकं मुरलेली. शाँपोलियाँने सरळ मोजदाद केली. ग्रीक शब्द भरले ४८६, आणि अर्धवट तुटलेल्या चित्रलिपीतली चिन्हं १४१९. एक चिन्ह एक शब्द, हा हिशेब बसेना. मग काही चिन्हं निव्वळ आवाजाची असणार.

टॉलेमी, क्लिओपात्रा ही नावं त्याने आवाजांनी वाचून दाखवली. टॉलेमीच्या नावावर इंग्लंडच्या थॉमस यंगने त्याच्या आधी काम केलं होतं, आणि श्रेयाचा तो वाद अजून धुमसतो. पण ही नावं तर ग्रीक. आपण शेक्सपिअर देवनागरीत लिहितो तसं परक्या नावांपुरतं आवाजांचं काम असेल, असं म्हणायला जागा होती. अस्सल इजिप्शियन शब्दांचं काय?

सप्टेंबर १८२२ मध्ये त्याच्या हातात अबू सिंबेलच्या देवळातल्या लेखांच्या नकला आल्या. राजाच्या नावाची लंबगोल चौकट. तिच्यात आधी सूर्याचं वर्तुळ, मग एक विचित्र चिन्ह, शेवटी दोनदा 'स'. ते विचित्र चिन्ह म्हणजे एकत्र बांधलेली कोल्ह्याची तीन कातडी, हे आज आपल्याला माहितीय. सूर्याला कॉप्टिकमध्ये 'रे'. मधलं चिन्ह रोझेटाच्या दगडावरही होतं, आणि ग्रीक मजकुरात त्या जागी राजाच्या जन्मदिवसाचा उल्लेख होता. कॉप्टिकमध्ये जन्म देणं म्हणजे 'मिसे'. रे-म-स-स. रामसेस! दुसऱ्या चौकटीत थोथ देवाचा आयबिस पक्षी, आणि पुढे तेच चिन्ह. थुतमोस! ग्रीकांच्या कितीतरी आधीचे राजे, त्यांच्याच भाषेत, आवाजांनी लिहिलेले. कुलूप उघडलं ते एका क्रियापदाने.

तो धावत भावाच्या ऑफिसात गेला, सापडलं असं ओरडला आणि शुद्ध हरपून पडला, ही घराण्यात सांगितली गेलेली हकिगत. मीठमसाला किती ते तुम्ही ठरवा. २७ सप्टेंबरला त्याचा शोध पॅरिसच्या अकादमीत वाचला गेला, हे मात्र पक्कं. आणखी एक मजा: ते चिन्ह त्याने नुसता 'म' समजून वाचलं होतं. खरं तर त्या एका चिन्हात 'म' आणि 'स' दोन्ही आवाज आहेत. हे १८३७ मध्ये लेप्सियुस या जर्मन अभ्यासकाने दाखवलं. वाचन चुकलं, शब्द बरोबर निघाला.

सिनेमा असता तर इथे संपला असता. पण धातू ओळखणं वेगळं आणि त्याचं रूप ओळखणं वेगळं. इजिप्शियन लिपीत स्वर लिहीत नाहीत. आपल्याकडे कुणी नुसतं 'म-र-ल' लिहून ठेवलं तर तुम्ही काय वाचाल? मारला, मारेल, मरेल, की लोणचं मुरलं? माणूस जिवंत आहे की नाही इथपासून सुरुवात! तेच 'म-स'चं. आजच्या वाचनाप्रमाणे थुतमोस म्हणजे थोथ जन्मला. रामसेस म्हणजे ज्याने त्याला जन्म दिला तो रा. धातू एकच; एका नावात देव जन्मतो, दुसऱ्यात जन्म देतो. लिहिलेल्या चिन्हावरून हा फरक कळत नाही. तो व्याकरणातून काढावा लागतो.

अर्थाच्या बाजूने लिपी थोडी मदत करते. शब्दाच्या शेवटी न उच्चारायचं एक चित्र येतं. बाहेर पडणं हे क्रियापद लिहिताना घराचं चित्र 'प-र' या आवाजासाठी, मग 'र'साठी तोंड, आणि शेवटी चालणारे दोन पाय. पाय दिसले की समजायचं, जाण्यायेण्याचं काहीतरी चाललंय. तोंडाशी हात नेणारा माणूस दिसला तर खाणं, पिणं, बोलणं, विचार करणं, प्रेम करणं यातलं काहीही. जे तोंडातून आत जातं, बाहेर येतं किंवा मनात राहतं ते सगळं त्यांनी एकाच खणात टाकलं.

रूपांची गोष्ट मात्र अवघड. वाक्यात क्रियापद पहिलं, आणि कोण करतंय ते त्याच्या शेपटाला. ऐकणं म्हणजे 'स-ज-म'. त्याला 'फ' लावला की तो ऐकतो, 'स' लावला की ती ऐकते. समोरच्याला सांगतानाही पुरुष असेल तर एक प्रत्यय, बाई असेल तर दुसरा. मराठीतलं ऐकलंस का, गेलास का, गेलीस का आठवा. आपल्याला हे परकं वाटायला नको. मध्ये 'न' घातला की सर्वसाधारणपणे भूतकाळ. आता कॉप्टिक बघा: 'सोतम' म्हणजे ऐकणं, आणि तो ऐकला असं सांगायचं तर 'अफसोतम'. तोच 'फ', पण शेपटाचा उठून पुढे आलेला. दोन-तीन हजार वर्षांत भाषेने क्रियापद चालवायची पद्धतच उलटी केली होती. ज्या कॉप्टिकने शाँपोलियाँला धातूंचे अर्थ हातात आणून दिले, तिच्या भरवशावर रूपं सोडवता येत नव्हती. तिथे हजारो वाक्यं वाचण्याला पर्याय नव्हता.

म्हणून तो मजकुरामागे धावत सुटला. १८२४ पासून इटलीत तुरीनच्या संग्रहातले पपायरस, १८२६ मध्ये लूव्रच्या इजिप्त विभागाची जबाबदारी, आणि १८२८ मध्ये अखेर प्रत्यक्ष इजिप्त. इटालियन सहकारी रोझेल्लिनीबरोबरच्या त्या मोहिमेत तो नाईलने वाडी हाल्फापर्यंत गेला. राजांच्या खोऱ्यात तर मंडळींनी चौथ्या रामसेसच्या थडग्यातच बिऱ्हाड मांडलं. ज्यांची वाक्यं वाचायची त्यांच्याच घरी मुक्काम! दिवसभर नकला उतरवणं, आणि अंग साथ सोडत चाललेलं.

१८३१ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये खास त्याच्यासाठी अध्यापनाची जागा निर्माण झाली. जेमतेम काही व्याख्यानं झाली आणि प्रकृतीने थांबवलं. तो फिजाकला गेला आणि व्याकरणाचं हस्तलिखित पुढे ओढत बसला. डिसेंबरमध्ये पक्षाघात झाला. व्याकरणाची पानं भावाच्या हाती देताना, पुढच्या लोकांना आपली ओळख यातूनच होईल अशी त्याची भावना होती. ४ मार्च १८३२ ला तो गेला. वय ४१. मुलगी झोराइद तेव्हा लहानच होती.

पुढे जे झालं ते वाचून संताप येतो. साल्वोलिनी नावाच्या त्याच्या एका शिष्याने गुरूचे काही कागद लांबवले आणि त्यातलं आपल्या नावावर खपवलं. हा शिष्य १८३८ मध्ये वारला, त्यानंतर चोरी उघडकीला आली. जाक-जोसेफ मात्र मागे हटला नाही. त्याने धाकट्याचं व्याकरण १८३६ ते १८४१ या काळात छापून काढलं, मग शब्दकोशही.

रूपांचं काम नंतरच्यांनी वाटून घेतलं. बर्लिनच्या एरमानने भाषेच्या वेगवेगळ्या काळांची व्याकरणं वेगळी केली. गार्डिनरचं जाडजूड इंग्रजी व्याकरण १९२७ मध्ये आलं. १९४४ मध्ये पोलोत्स्कीने दाखवलं, की काही रूपांत क्रियापदावर भर नसतोच. तो गेला यापेक्षा कधी गेला, कुठे गेला हे ठासून सांगायला ती रूपं वापरतात. यावर अभ्यासकांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

आज ही भाषा शिकणारा विद्यार्थी ऐकणं हाच धातू चालवायला शिकतो आणि 'सेजेमेफ' असं म्हणतो. त्यातले तिन्ही 'ए' अभ्यासकांनी सोयीसाठी भरलेत. चिन्हं तेवढी खरी आहेत: एक कान, एक घुबड आणि शेवटी शिंगवाला साप, म्हणजे 'तो'.